जंगलातल्या निळ्या बेरीने साखर उतरते का?

प्रश्न : आम्ही दोघे गेल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुलाकडे फिनलंडला होतो. तिथे घरामागच्या जंगलात कोणीही जाऊन रानफळे वेचू शकतो. सून आणि पाच वर्षांची नात यांच्याबरोबर मीही डबे भरभरून ‘मुस्तिक्का’ वेचल्या. बोटे आणि ओठ जांभळे होत. दुकानातली ब्लूबेरी चिरली तर आतून पांढरट दिसे, ही मात्र आतपर्यंत काळी-जांभळी होती. ओट्यावरचा तिचा डाग साबणाने पुसायला गेले तर तो चक्क निळा झाला, तेव्हा हा रंग खरा की खोटा अशीही शंका आली. यजमान ७१ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त गोठू न देणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे. तिथे ते रोज वाटीभर बेरी खात, आणि सकाळची साखर उतरली होती. येताना सुनेने बेरीची वाळवलेली भुकटी, लाल ‘पुओलुक्का’ची बरणी आणि बिलबेरीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या. कॅप्सूलच्या डबीवर ‘३६ टक्के अँथोसायनिन, दृष्टीसाठी उत्तम’ असे लिहिले आहे. यजमानांनी भुकटी सुरू ठेवून रात्रीची मधुमेहाची गोळी परस्पर बंद केली आहे. मला वर्षातून तीन-चार वेळा लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि त्यावर लाल बेरी गुणकारी असल्याचे ऐकते. या फळांत खरेच एवढे काय आहे, आणि आम्ही ती कशी घ्यावीत? – एक वाचक

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात रसायनशास्त्राचे फार सुंदर प्रश्न आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी त्या बंद केलेल्या गोळीबद्दल. यजमानांच्या डॉक्टरांना आजच फोन करून गोळी किती दिवसांपासून बंद आहे ते सांगा आणि ती पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा. फिनलंडमध्ये सकाळची साखर उतरली यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र त्या दोन महिन्यांत त्यांच्या आयुष्यात फक्त बेरीच नवीन आली होती का, हे जरा आठवून पाहा. बेरी वेचायला रोज जंगलात जाणे म्हणजे रोज तास-दोन तास चालणे आणि शेकडो वेळा वाकणे. चालण्याने साखर उतरते याबद्दल कोणाचे दुमत नाही. जेवणाच्या वेळा बदलल्या असतील, घरचे गोडधोड कमी झाले असेल. इतक्या बदलांतून एकट्या बेरीला श्रेय देणे म्हणजे पंगतीतल्या एकाच पदार्थामुळे पोट भरले असे म्हणण्यासारखे आहे. सकाळच्या एका आकड्यावर विसंबू नका. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या.

आता तुमच्या जांभळ्या बोटांकडे येतो. तुम्ही वेचलेली मुस्तिक्का म्हणजे इंग्रजीतली बिलबेरी. ती उत्तर युरोपातली मूळची रानटी जात आहे. दुकानात डबीत मिळणारी ब्लूबेरी तिची उत्तर अमेरिकेतली चुलत बहीण. त्या बहिणीला माणसाळवण्याचे काम न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी केले आणि लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक १९१६ मध्ये बाजारात आले. फळ मोठे, गोड आणि प्रवासात टिकणारे हवे, या दृष्टीने निवड होत गेली. फळ मोठे झाले की सालीचे प्रमाण घटते. गोल फळाचा व्यास दुप्पट झाला तर गराच्या मानाने साल निम्मी होते. ब्लूबेरीत रंगद्रव्य जवळजवळ सगळे सालीत असते, म्हणून ती आतून फिकी दिसते. बिलबेरीत ते गरातही भरलेले असते, म्हणून ती चिरडली की बोटे रंगतात. आकड्यांत सांगायचे तर १०० ग्रॅम ताज्या बिलबेरीत साधारण ३०० ते ७०० मिलिग्रॅम अँथोसायनिन, म्हणजे हेच जांभळे रंगद्रव्य, असते आणि लागवडीच्या ब्लूबेरीत बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात जागेप्रमाणे, जातीप्रमाणे आणि त्या वर्षीच्या हवेप्रमाणे फरक पडतो. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस फार लांब असतात आणि तिथल्या झुडपांत रंगद्रव्य जास्त आढळते, असे अभ्यासांत दिसले आहे. रंगद्रव्य हे झाडाचे स्वतःचे संरक्षण आहे. प्रखर प्रकाश, थंडी आणि किडी यांना तोंड देताना झाड ते तयार करते. बागेत खतपाणी घालून लाडाने वाढवलेल्या झाडाला तेवढी गरज भासत नाही.

‘अँथोसायनिन’ हा शब्द वेष्टनावर एकवचनात छापतात, त्यामुळे ते एकच द्रव्य असावे असे वाटते. प्रत्यक्षात बिलबेरीत अशी मुख्य पंधरा द्रव्ये असतात आणि त्यांचा हिशेब मजेदार आहे. डेल्फिनिडिन, सायनिडिन, पेट्युनिडिन, पिओनिडिन आणि माल्विडिन असे पाच रंगीत सांगाडे. प्रत्येकाला ग्लुकोज, गॅलॅक्टोज किंवा अरॅबिनोज यांपैकी एक साखर जोडलेली. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा. विद्यार्थ्यांना शिकवताना मी फळ्यावर हा पाच ओळींचा आणि तीन स्तंभांचा तक्ता काढत असे. वर्गातला कोणी ना कोणी विचारायचाच की मग साखर असलेल्या या द्रव्याने मधुमेह वाढणार नाही का. नाही वाढत, कारण ही साखर मिलिग्रॅमांत मोजण्याइतकी असते. फळातली खरी साखर वेगळी, आणि तिच्याबद्दल पुढे लिहितो.

हा पंधरा जणांचा तक्ता लक्षात ठेवा, कॅप्सूलकडे वळल्यावर तो पुन्हा लागेल.

ओट्यावरचा निळा डाग हा रंग खरा असल्याचाच पुरावा होता. अँथोसायनिनची रचना भोवतालच्या आम्लतेप्रमाणे बदलते. आंबट द्रवात ते लाल दिसते, आम्लता कमी होत गेली की जांभळे आणि अल्कलीत निळे. अल्कली तीव्र असेल तर हिरवट होऊन शेवटी पिवळटते, आणि तिथे रेणूच मोडलेला असतो. फळाचा रस आंबट, साबण अल्कलीयुक्त, म्हणून डाग तुमच्या डोळ्यांसमोर रंग बदलून गेला. भुकटी चिमूटभर पाण्यात कालवा, त्याच्या दोन वाट्या करा, एकीत लिंबाचे चार थेंब घाला आणि दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा. एक वाटी लालभडक होईल, दुसरी निळसर-हिरवी. हा खेळ नातीला व्हिडिओ कॉलवर जरूर दाखवा. फक्त सोड्याची वाटी कोणी पिऊ नका.

पुओलुक्का, म्हणजे लिंगनबेरी, ही बिलबेरीचीच सख्खी नातलग, पण तिचा स्वभाव निराळा. तिच्यात रंगद्रव्य कमी, तुरटपणा जास्त आणि बेंझॉइक आम्ल हे नैसर्गिक परिरक्षक भरपूर असते. लोणच्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांवर सोडियम बेंझोएट असे छापलेले तुम्ही वाचले असेल. त्याच आम्लाचे ते मीठ. कारखाना जे वरून घालतो ते या फळाने स्वतःच घालून ठेवलेले असते. म्हणूनच तिकडे ही फळे चेचून, न उकळता आणि फारशी साखर न घालता थंड जागी महिनोन्‌महिने ठेवतात. तिचा तुरटपणा येतो प्रोअँथोसायनिडिन या टॅनिनवर्गीय द्रव्यांमुळे. लाळेतली जी प्रथिने तोंडाला वंगण देतात त्यांना ही द्रव्ये पकडून बसतात, आणि जीभ खरखरीत झाल्यासारखी वाटते. तुरट हे चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळ जाणारे संवेदन आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर जे फळ कोरले आहे ते क्लाउडबेरी, दलदलीत उगवणारे पिवळे-केशरी फळ. त्यात अँथोसायनिन जवळजवळ नसते, पण एलॅजिटॅनिन नावाची द्रव्ये भरपूर असतात. आतड्यातले काही जीवाणू त्यांच्यापासून युरोलिथिन नावाचे द्रव्य तयार करतात. गंमत अशी की हे जीवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. एकाच ताटातली फळे खाऊन एकाच्या शरीरात युरोलिथिन तयार होते आणि दुसऱ्याच्या होत नाही. समुद्रकाठचे केशरी सी बकथॉर्न हे क जीवनसत्त्वाचे कोठार आहे, १०० ग्रॅममागे काहीशे मिलिग्रॅमपर्यंत. उलट गडद निळ्या ब्लूबेरीत ते जेमतेम १० मिलिग्रॅम असते. रंग जितका गडद तितके सगळेच गुण जास्त, हा समज इथे मोडतो. एका फळात एक गोष्ट भरलेली असते, दुसऱ्यात दुसरी.

आता ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचे काय करायचे ते पाहू, कारण सगळी जाहिरात त्यावर उभी आहे. परीक्षानळीत बेरीचा रस घालून तो मुक्तमूलके, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, किती शोषतो हे मोजता येते आणि त्यात बेरीचा नंबर फार वरचा लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा मोजमापांचा एक मोठा तक्ताच प्रसिद्ध केला होता. या आकड्यांचा शरीरातल्या परिणामांशी संबंध दाखवता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, असे म्हणून २०१२ मध्ये त्याच खात्याने तो मागे घेतला. शरीर म्हणजे परीक्षानळी नव्हे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ पुरुषांना सायनिडिन-ग्लुकोसाइड हे एकच अँथोसायनिन ५०० मिलिग्रॅम दिले. त्यातल्या कार्बनवर खूण केलेली होती, म्हणजे तो कुठे गेला याचा माग काढता येत होता. श्वास आणि लघवी यांतून शरीरात शोषल्या गेलेल्या भागाचा जो हिशेब लागला तो सुमारे १२ टक्के. मूळ रूपातले जांभळे द्रव्य रक्तात फार थोडे सापडले. सापडले ते मुख्यतः त्याचे तुकडे, आतड्यातल्या जीवाणूंनी आणि यकृताने बदललेली छोटी फेनॉलिक आम्ले. म्हणजे आपण खातो ते जांभळे रंगद्रव्य, पण शरीराच्या कामी येतात ते बहुतांशी त्याचे बिनरंगी वंशज. ते मुक्तमूलके पुसत फिरतात असे आता फारसे कोणी मानत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सैल व्हायचा संदेश देण्यात त्यांचा वाटा असावा, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

या मताला आधार देणारे माणसांवरचे प्रयोगही आहेत. फिनलंडमध्येच ७२ मध्यमवयीन व्यक्तींवर झालेला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला आवडतो, कारण त्यात कॅप्सूल नव्हत्या, खरीखुरी बेरीफळे होती. आठ आठवडे रोज मध्यम प्रमाणात बेरी खाल्लेल्यांचे एचडीएल, म्हणजे चांगले मानले जाणारे कोलेस्टेरॉल, सुमारे ५ टक्क्यांनी वाढले, वरचा रक्तदाब किंचित उतरला आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंचे काम थोडे मंदावले. हा शेवटचा मुद्दा यजमानांच्या संदर्भात लक्षात ठेवा. २०१९ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चयापचयाचा बिघाड असलेल्या ११५ जणांना सहा महिने रोज ब्लूबेरीची भुकटी दिली. जे १५० ग्रॅम ताज्या फळांइतकी भुकटी घेत त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारली. त्याच्या निम्मी घेणाऱ्यांत मात्र तसे दिसले नाही. आणि तुमच्या घरच्या प्रश्नाला थेट लागू होणारा निष्कर्ष असा की इन्सुलिनच्या परिणामकारकतेत कोणत्याच गटात फरक पडला नाही. सहा महिने, रोज, मोजून. ज्या आशेवर यजमानांनी गोळी सोडली ती आशा या प्रयोगात तरी फळली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेतल्या तीन मोठ्या पाहण्यांत मिळून सुमारे १,८७,००० लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. त्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते की आठवड्याला तीन वेळा ब्लूबेरी खाण्याशी टाइप २ मधुमेह होण्याचा धोका सुमारे २६ टक्के कमी असण्याचा संबंध दिसला, तर तितक्याच वेळा फळांचा रस पिण्याशी तो सुमारे ८ टक्के जास्त असण्याचा. पण हा अभ्यास मधुमेह होण्याबद्दलचा आहे, झालेला मधुमेह उतरण्याबद्दलचा नाही. शिवाय जो माणूस बेरी खातो तो बहुधा व्यायामही करतो आणि सिगारेट ओढत नाही. संशोधक हे हिशेबात धरतात, तरी पूर्ण धरता येत नाही. फिनलंडच्याच उत्तर कॅरेलिया प्रांतात १९७२ पासून पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली जी आरोग्यमोहीम चालली, तिच्यात बेरीला प्रोत्साहन दिले गेले आणि पुढच्या तीन-साडेतीन दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. हे उदाहरण बेरीच्या जाहिरातीला अगदी सोयीचे आहे. मात्र त्याच मोहिमेत लोकांनी लोणी कमी केले, मीठ कमी केले, सिगारेट सोडली आणि रक्तदाबाची औषधे नियमित घेतली, हे त्या जाहिरातीत नसते.

कॅप्सूलच्या डबीवरचा ‘दृष्टीसाठी उत्तम’ हा दावा दुसऱ्या महायुद्धातल्या एका दंतकथेवर पोसला आहे. ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा जॅम खाऊन रात्रीच्या अंधारात नेमके लक्ष्य टिपत, असे सांगितले जाते. अमेरिकेत १५ तरुणांना तीन आठवडे रोज तीन वेळा १६० मिलिग्रॅम अर्क देऊन रात्रीची दृष्टी तपासली गेली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात काहीही फरक आढळला नाही. २००४ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही निरोगी डोळ्यांच्या रात्रीच्या दृष्टीबाबत हा दावा टिकला नाही. यजमानांना मधुमेह असल्याने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घेणे मात्र आवश्यक आहे, आणि ते काम कोणतीही कॅप्सूल करत नाही.

‘३६ टक्के’ हा आकडा बाजारात प्रमाण मानला जातो, पण तो कसा मोजला हे महत्त्वाचे. सोप्या पद्धतीत द्रावणाचा लाल रंग किती गडद आहे तेवढेच यंत्र पाहते. २००६ मध्ये एका संशोधनात असे उघड झाले की बिलबेरीचा म्हणून विकलेल्या एका अर्कात अमरांथ हा कृत्रिम लाल रंग मिसळला होता. साध्या रंगमापनात तो अर्क उत्तम ठरत होता. द्रव्ये एकेक करून वेगळी करणाऱ्या तपासणीत मात्र त्याचे बिंग फुटले. इथे तो पंधरा जणांचा तक्ता कामी येतो. खऱ्या बिलबेरीच्या आलेखावर त्या पंधरांची शिखरे ठरावीक क्रमाने आणि ठरावीक उंचीने उभी राहतात. ती जणू फळाच्या बोटांचे ठसेच. तुमच्या डबीतला माल खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो खरा असला तरी त्यातून जे मिळते ते वाटीभर फळांतूनही मिळते, आणि फळातले तंतू कॅप्सूलमध्ये नसतात.

यजमानांनी ही कॅप्सूल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण वॉर्फरिन. हे औषध फार अरुंद पट्ट्यात काम करते. थोडे कमी पडले तर गुठळी, थोडे जास्त झाले तर रक्तस्राव. म्हणून तर दर काही आठवड्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा, तपासावा लागतो. लाल बेरीच्याच कुळातल्या क्रॅनबेरीचा रस भरपूर पिणाऱ्या काही रुग्णांचा आयएनआर वाढल्याच्या नोंदी आल्या, तेव्हा २००३ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने वॉर्फरिन घेणाऱ्यांना सावध केले होते. पुढे नियंत्रित प्रयोगांत माफक रसाने असा परिणाम ठळकपणे दिसला नाही, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. मात्र सांद्र अर्क म्हणजे माफक प्रमाण नव्हे, आणि बिंबाणू मंदावल्याचा फिनिश अनुभव वर दिलाच आहे. भुकटी चालू ठेवायची असेल तर डॉक्टरांना सांगून, रोज सारख्याच प्रमाणात घ्या आणि आयएनआर एकदा लवकर तपासून घ्या. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग पडणे, शौचाला काळे होणे यांपैकी काही दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

तुमच्या स्वतःच्या त्रासाबाबत मात्र बातमी बरी आहे. लघवीचा जंतुसंसर्ग करणारा ई. कोलाय हा जीवाणू आपल्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंनी मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटतो. क्रॅनबेरी आणि लिंगनबेरीतल्या प्रोअँथोसायनिडिनचा एक विशिष्ट प्रकार, ज्याला ए-प्रकार म्हणतात, तो हे चिकटणे अवघड करतो. जंतू मरत नाही, त्याला पाय रोवता येत नाही, एवढेच. फिनलंडच्या औलू शहरात १५० स्त्रियांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्रॅनबेरी आणि लिंगनबेरी यांचा एकत्र रस रोज घेणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना सहा महिन्यांत पुन्हा संसर्ग झाला. काहीच न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. २०२३ मध्ये ५० प्रयोगांचा जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांचा धोका क्रॅनबेरीने सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो असे दिसले. वृद्धाश्रमांतल्या व्यक्ती आणि गर्भवती यांना मात्र फायदा दिसला नाही. हा सगळा पुरावा प्रतिबंधाचा आहे. जळजळ आणि ताप सुरू झाल्यावर बरणी उघडून बसू नका; तेव्हा लघवीची तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक, हाच मार्ग. शिवाय बहुतेक प्रयोग क्रॅनबेरीवर झालेले आहेत, एकट्या लिंगनबेरीवर नव्हेत. म्हणून त्या बरणीकडे मी औषध म्हणून न पाहता आंबट-तुरट तोंडीलावणे म्हणून पाहीन. मूतखड्याचा त्रास असेल तर रोजच्या सेवनाआधी विचारून घ्या, कारण या फळांत मूतखड्याला हातभार लावणारे ऑक्झलेट असते.

खायचे कसे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. सालीसकट, बियांसकट, रस न काढता. १०० ग्रॅम ब्लूबेरीत साधारण १० ग्रॅम साखर आणि अडीच ग्रॅम तंतू असतात. रासबेरीत साखर त्याच्या निम्म्याहून कमी आणि तंतू साडेसहा ग्रॅमच्या आसपास, कारण तिचा एकेक दाणा म्हणजे एक बी असलेले स्वतंत्र इवलेसे फळच असते. रस गाळला की तंतू चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात राहते. भुकटीबद्दल एक हिशेब करून ठेवा. फळात सुमारे ८५ टक्के पाणी असते, म्हणून १०० ग्रॅम फळे वाळवली की साधारण १५ ग्रॅम भुकटी उरते, आणि तिच्यात त्या १०० ग्रॅममधली सगळी साखर असते. दोन सपाट चमचे भुकटी म्हणजे जवळजवळ अर्धी-पाऊण वाटी फळे झाली. तेवढी यजमानांना पुरे, आणि ती दुसऱ्या एखाद्या फळाऐवजी घ्यावी, त्यावर आणखी नव्हे. डबीवर साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भर) घातल्याचे लिहिले आहे का तेही पाहा. भुकटी उकळत्या दुधात किंवा चहात घालू नका, कारण उष्णतेने रंगद्रव्य मोडते. कोमट किंवा गार पदार्थात, शक्यतो दह्यात कालवा. डबी घट्ट झाकून, प्रकाशापासून दूर आणि थंड ठेवा. गोठवलेल्या फळांत रंगद्रव्य महिनोन्‌महिने चांगले टिकते, तर खोलीच्या तापमानाला ठेवलेला जॅम काही महिन्यांतच तपकिरी होऊ लागतो. तो तपकिरीपणा म्हणजे रंगद्रव्य गेल्याची पावती.

नातीबद्दल तुम्ही काही विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा जाणार असाल. त्याच जंगलात मुस्तिक्काच्या शेजारी एक वनस्पती उगवते, तिला फिनिशमध्ये ‘सुदेनमार्या’, म्हणजे लांडग्याची बेरी, म्हणतात. तिचे फळही निळे-काळे, गोल आणि मुस्तिक्काहून थोडे मोठे असते, आणि ते विषारी आहे. ओळख सोपी आहे. एकच सरळ देठ, त्यावर एकाच पातळीवर चौफेर पसरलेली बहुधा चार पाने, आणि वर मधोमध एकटे एक फळ. मुस्तिक्काचे झुडूप मात्र घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, अनेक फांद्यांचे, बारीक पानांचे असते, फळे जागोजागी लागतात, त्यांच्यावर निळसर भुरा लेप असतो आणि डोक्यावर गोल वळ्यासारखी खूण दिसते. लाल रंगाची रोवनची फळेही मुलांना खुणावतात. त्यांच्यातले पॅरासॉर्बिक आम्ल कच्चे खाल्ल्यास पोट बिघडवते, शिजवल्यावर ते निरुपद्रवी सॉर्बिक आम्लात बदलते. याच फळांच्या तेलातून १८५९ मध्ये हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सॉर्बिक आम्ल पहिल्यांदा वेगळे केले, आणि आज ते पावात आणि चीजमध्ये बुरशी येऊ नये म्हणून घालतात. नातीला एवढाच नियम घालून द्या की झुडपावरचे फळ आधी आजीच्या तळहातावर ठेवायचे, आजीने त्याचे डोके पाहायचे, ते फोडून पाहायचे, आतून जांभळे निघाले आणि झुडूप ओळखीचे असले तरच तोंडात. आतून फिके निघाले तर ती बहुधा ‘युओलुक्का’, दलदलीतली बिलबेरी असेल. ती खाण्याजोगी आहे, चवीला जरा पाणचट, आणि बोटे रंगवत नाही.